ओळख पाहिजे, वजनकाट्याच्या मालकांची

सुधाकरभाऊ मोकलांना मी कधी कोणाकडे रिकाम्या हातानं जाताना पाहिलं नाही. हातात व्हिजिटिंग कार्ड असायचंच. लग्नात कार्ड, बारशात कार्ड, सत्यनारायणाला गेले तर तीर्थ घ्यायच्या आधी भटजींना कार्ड. एकदा तर पेणच्या स्मशानात, चिता रचून झाली होती, भटजी काडेपेटी शोधत होते, आणि हा गृहस्थ मयताच्या जावयाच्या हातात कार्ड कोंबत होता. मी मागून कोपरानं ढोसलं.

"पाटकर, माणूस पुण्याहून आलाय," ते माझ्या कानात म्हणाले. "परत कधी गावायचा?"

मला संताप आला होता, हे मी आजही लपवत नाही. पुढच्या वर्षी त्या जावयानं आपल्या सोसायटीचा गणपती पेणहून नेला आणि पॅकिंग सुधाकरभाऊंकडूनच करून घेतलं, ह्याचा तर जास्तच आला.

ती कार्डं मीच छापायचो. पेणमध्ये माझं छपाईचं दुकान आहे. पत्रिका, कार्डं, फ्लेक्स, सगळं. सुधाकरभाऊंचा धंदा होता गणपतीच्या मूर्ती बांधून द्यायचा. पेणचा गणपती म्हटलं की लोकांना मूर्तिकार आठवतात, रंगारी आठवतात. पण ती मूर्ती नागपूरपर्यंत सोंडेसकट पोचते कशी, हे कोणी विचारत नाही. ती सुधाकरभाऊंमुळे पोचायची. लाकडी चौकट, पेंढा, सुतळी आणि त्यांची बोटं. सोंडेच्या वळणात, काखेत, उंदराच्या पोटाखाली ते पेंढा असा भरायचे की मूर्ती गाढ झोपल्यासारखी वाटायची. "पोकळ जागा ठेवायची नाय," म्हणायचे. "मूर्ती तिथनंच जाते." ह्या माणसाच्या केसांत, खिशात, चष्म्याच्या घडीत पेंढा असायचा. आमच्या घरी चहाला आले की सोफ्यावर चार काड्या ठेवून जायचे आणि बायको दोन दिवस माझ्यावर चिडायची.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. वाढदिवसाला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन यायचा म्हणजे यायचा. माझ्या बायकोचा वाढदिवस मला सकाळी आठपर्यंत आठवला नव्हता, आणि त्यांचा फोन सहा-दहाला येऊन गेला होता. त्या दिवशी मला घरात चहा मिळाला नाही.

तर अशा माणसाचं, ज्याच्याकडे चारशे माणसांचे वाढदिवस वहीत लिहिलेले होते, स्वतःच्या सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. आणि त्यात थोडा हात माझाही आहे, म्हणून हे सांगतोय.

त्यांच्या दोन वह्या होत्या. लाल वहीत नातेवाईक, निळ्या वहीत व्यवसायातली माणसं. मोठे भाऊ प्रभाकर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, रोह्याला असतात. रोहा-कोलाड रस्त्यावर त्यांचा वजनकाटा आहे; कंपन्यांचे ट्रक तिथं वजनाला उभे राहतात. अण्णांनी नवीन काटा घातला तेव्हा सुधाकरभाऊंना कार्ड दिलं. कार्ड आलं की सुधाकरभाऊंचा हात आपोआप निळ्या वहीकडे जायचा. गेला.

मग मुलीचं लग्न निघालं. लाल वहीतल्या लोकांना अक्षता घेऊन घरोघरी जाऊन बोलवायचं ठरलं. निळ्या वहीतल्यांना पोस्टानं. ती निळी वही माझ्याकडे आली, पत्त्याच्या चिकटपट्ट्या छापायला. छापता छापता मला 'प्रभाकर मोकल, वजनकाटा' दिसलं. दिसलं होतं मला! पण म्हटलं, घरचाच माणूस आहे, घरून जाऊन सांगतीलच की. तिकडे घरात जो तो हेच म्हणत बसला होता. सुधाकरभाऊंच्या बायकोला वाटलं भाऊ गेले असतील, भाऊंना वाटलं बायको गेली असेल, मुलीला वाटलं काकांना काय वेगळं सांगायचं. कोणीही गेलं नाही. अण्णांना पोस्टानं पत्रिका मिळाली. पाकिटावर 'आदरणीय व्यावसायिक मित्र'. आत एक चिठ्ठी, तीही मीच छापलेली: 'येताना आपले व्हिजिटिंग कार्ड आणावे. भोजनप्रसंगी परस्पर परिचयाची सोय केली आहे.'

अण्णा आले नाहीत. त्यांचं कार्ड आलं. पोस्टानं. बाकी एक अक्षर नाही.

लग्नात पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती आणि सुधाकरभाऊ दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी लग्नाच्याच कपड्यांत ते रोह्याला गेले. अण्णा काट्याच्या केबिनमध्ये बसले होते. खिडकीतून त्यांनी धाकट्या भावाला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "आपली ओळख नाय. कोणाची तरी ओळख घेऊन या."

दुसरा कोणी असता तर पाय धरले असते, रडला असता, भांडला असता. सुधाकरभाऊ 'बरं' म्हणून परत आले आणि ओळख शोधायला लागले. आता ह्याला काय म्हणायचं?

आधी नातेवाईकांकडे गेले. मामा गेले, चुलते गेले, मीही एकदा गेलो. अण्णा प्रत्येकाला चहा पाजायचे. आपण म्हटलं, "अहो, तुमचा भाऊच तो," की ते कप खाली ठेवायचे. "भाऊ असता तर पोस्टानं बोलवला नसता. कस्टमर हाय मी त्याचा. कस्टमरकडं ओळखीनं यायचं." बरं, ओळख करून देतो म्हटलं तर म्हणायचे, "तुम्हाला तर माहीत हाय आम्ही कोण ते. ही खोटी ओळख." म्हणजे ह्या दोन भावांची ओळख अशा माणसानं करून द्यायची, ज्याला ते भाऊ आहेत हे ठाऊकच नाही. पेण आणि रोह्यात असा माणूस मिळायचा कुठून? इथं तर कोणाच्या घरात कसली आमटी शिजतेय तेही दोन्ही तालुक्यांना माहीत असतं.

आणि म्हणून, ऐका, म्हणून ह्या माणसानं पेणमध्ये 'व्यापारी स्नेहबंध' नावाची बैठक सुरू केली. दर बुधवारी, सकाळी सात वाजता, एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात. नियम कडक. एका धंद्याचा एकच माणूस. प्रत्येकानं उभं राहून एका मिनिटात सांगायचं, मला कोणाची ओळख पाहिजे. ज्याची ओळख असेल त्यानं चिठ्ठी द्यायची. थेट कोणाकडे जायचं नाही. पोहे आणि चहा. आम्ही बावीस जण होतो आणि आम्हाला वाटायचं की हे आपल्या धंद्याच्या भल्यासाठी चाललंय.

भलं झालंही, खोटं कशाला बोलू. पण काय काय सोसलं ते विचारू नका. आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरांना तीन आठवडे एकही चिठ्ठी मिळाली नाही. बिचारे पोहे न खाता उठून जायला लागले. चौथ्या बुधवारी सुधाकरभाऊ गाल सुजवून आले आणि कापसाचा बोळा तोंडात धरून म्हणाले, "मी माझीच चिठ्ठी दिली." धडधाकट अक्कलदाढ काढून घेऊन आले होते!

"दुखत होती का?" मी विचारलं.

"नाय. पण डॉक्टरला एकटं वाटत होतं."

ह्यानंतर आम्हाला लाज वाटून तिघांनी दात साफ करून घेतले. जिते गावच्या बोअरवेलवाल्याचं तर विचारूच नका. त्याला चिठ्ठ्या द्यायच्या म्हणून आम्ही सगळे ज्याला त्याला पाण्याबद्दल छेडायला लागलो. पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यात उभं राहून मी एका शिक्षकाला विचारलं होतं, "मास्तर, उन्हाळ्यात पाण्याचं काय करता हो?"

आणि दर बुधवारी सगळ्यांत शेवटी सुधाकरभाऊ उभे राहायचे. शर्टाची बटणं नीट करायचे. म्हणायचे, "मी सुधाकर मोकल. मूर्ती पॅकिंग. मला रोहा-कोलाड रस्त्यावरच्या वजनकाट्याच्या मालकांची ओळख पायजे." आणि बसायचे. आता गणपती काय वजनावर जातात? पण कोणी हसायचं नाही. सगळे पोह्यांतले दाणे शोधायचे. दर बुधवारी, सहा वर्षं. मी एकही चुकवला नाही, आणि त्या एका मिनिटात मला माझ्या छापखान्यातल्या त्या चिकटपट्ट्या दिसायच्या.

नवीन माणूस आणायचा त्यांना ध्यास होता तो ह्याचसाठी. बाहेरगावचा कोणी पेणमध्ये दुकान टाकतोय कळलं की हे फीत कापायच्या आधी हजर. पण नवीन माणसाला दोन दिवसांत कोणीतरी सांगायचंच. चहावाला सांगायचा, न्हावी सांगायचा. मग तो पुढच्या बुधवारी येऊन इतरांसारखेच दाणे शोधायला लागायचा.

ह्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्या बुधवारी सुधाकरभाऊ उभे राहिले, नेहमीचं वाक्य बोलले आणि बसले नाहीत. म्हणाले, "पत्रिका छापायला टाकलीय. अण्णांशिवाय मी ह्या मांडवात उभा राहणार नाय. पोराला सांगितलंय, तारीख पुढं ढकलू. म्हणजे घाई हाय, एवढंच." आणि बसले. नवरीकडचे लोक तारीख पुढे ढकलायला तयार नव्हते, हे आम्हाला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात देशपांडेबाई आल्या. नागपूरच्या. मिस्टरांची बदली रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत झाली होती आणि बाईंनी पेणमध्ये सोलरचं काम सुरू केलं होतं. बाई म्हणजे तुफान. पहिल्याच बैठकीत सुधाकरभाऊंचं वाक्य ऐकलं, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना जी? वजनकाट्याच्या छतावर पॅनेल छान बसतात. मी तशीही जाणारच होती. आठ दिवसांत देते ओळख."

बावीस चमचे एकदम थांबले.

पुढचे आठ दिवस मी विसरणार नाही. बावीस माणसांनी जिवाचं रान केलं, बाईंना काही कळू नये म्हणून. दाताचे डॉक्टर त्यांच्या बिल्डिंगखाली पेपर वाचत बसायचे. बाईंचा चहा आम्ही घरून नेऊन द्यायचो, टपरीवाल्याशी गाठ नको म्हणून. एकदा बाईंनीच मला विचारलं, "काहो, हे पण मोकल आणि काटेवाले पण मोकल. नात्यात आहेत का?" मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, "बाई, आमच्याकडे अर्धा तालुका मोकल आहे." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत चांगलं खोटं.

आणि तिकडे अण्णांनी काय केलं? बाईंनी फोन करून सांगितलं, पेणचे एक व्यावसायिक तुम्हाला भेटू इच्छितात, फार सज्जन आहेत. अण्णांनी म्हणे आधी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुम्ही ओळखता त्यांना?" बाई म्हणाल्या, ओळखते. "मग घेऊन या."

बाईंच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. मी कशाला, तर बैठकीचा परिचय अर्ज भरून घ्यायला कमिटीचा माणूस लागतो, हाही नियम. सुधाकरभाऊ मागच्या सीटवर मांडीवर पिशवी धरून बसले होते. नागोठणं गेलं, कोलाड आलं, एक शब्द नाही. सहा वर्षं ह्यांचं तोंड बंद करायला मी काय नाही केलं, आणि आता मला ते बोलावेत असं वाटत होतं.

केबिनमध्ये अण्णा बसले होते, धुतलेला सदरा घालून. काट्यावर ट्रक नव्हता. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णासाहेब, हे सुधाकर मोकल. पेणला मूर्तींचं पॅकिंग करतात. अतिशय विश्वासू माणूस. मी यांची खात्री देते."

"किती दिवसांची ओळख तुमची?" अण्णांनी विचारलं.

"आठ दिवसांची."

अण्णांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. "बसा," म्हणाले. मग आत ओरडले, "चहा ठेव गो, पार्टी आलीय!" मागच्या खोलीचा पडदा हलला. अण्णांच्या बायकोचे, वहिनींचे, डोळे मला दिसले.

मी अर्ज काढला, तो बाईंनीच हातात घेतला. अर्ज नेहमीचाच, धंद्यातल्या दोघांची जवळीक वाढावी म्हणून सुधाकरभाऊंनीच तयार केलेला. बाई अण्णांना विचारायला लागल्या.

"मूळ गाव?"

"खारेपाटातलं. खाडीच्या कडेला."

"सुधाकरजी, तुमचं?"

"तेच."

"बाप्पा! वडील काय करायचे?"

"मिठागरावर होते," अण्णा म्हणाले.

"मिठागरावर," सुधाकरभाऊ म्हणाले.

"काय योगायोग आहे!" बाई खुश होऊन लिहायला लागल्या. "बघा, ओळख झाली की कसं निघते सगळं!" मी खिडकीबाहेर बघायला लागलो. हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना.

"भावंडं?"

"एक. धाकटा."

"लहानपणची एखादी आठवण सांगा. हा शेवटचा प्रश्न."

अण्णा टेबलावरच्या पावत्या सारख्या करत बसले. मग बाईंकडे बघून, बाईंनाच सांगतोय असं म्हणाले, "मिठाची रास असते ना, तीवर चढायचं नाय असं बा सांगायचा. धाकटा चढला. घसरला. ढोपर सोललं आणि त्यात मीठ गेलं. असा बोंबलला की खाडीपलीकडं ऐकू गेला असंल. मी त्याला पाठीवर घेतला आणि बांधावरनं घरापर्यंत आणला. आईनं मार मात्र मला दिला."

"आणि तुमची, सुधाकरजी?"

सुधाकरभाऊंनी पिशवी खाली ठेवली, वाकले, आणि उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्यावर बोटभर पांढरा वण होता.

बाईंनी वणाकडे पाहिलं. अर्जाकडे पाहिलं. पेन हातात तसंच. "हे मी कोणत्या रकान्यात लिहू?" त्या म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांच्या तोंडावरचा रंग बदलला. "अरे बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

सुधाकरभाऊंनी पिशवीतून पत्रिका काढली. वर चिकटपट्टी नव्हती, पाकीटही नव्हतं. हळदकुंकू लावलेली, वर अक्षता. दोन्ही हातांनी पुढे केली. अण्णांनी चष्मा लावला आणि ती पत्रिका आम्हाला फार वेळ झाला असं वाटेपर्यंत वाचली. मला त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं, मीच छापली होती. खाली 'आपले विनीत' म्हणून पहिलं नाव होतं, प्रभाकर मोकल. सुधाकरचं दुसरं.

"मला बोलवायला आलास," अण्णा म्हणाले, "आणि बोलवणारा मीच?"

"पाहुण्याला बोलवतात, अण्णा, घरच्याला नाय. आता परत नाय चुकणार."

अण्णांनी वाकून त्या गुडघ्यावर हात ठेवला. "खाली कर ती पँट," म्हणाले. "लोक बघतात." लोक म्हणजे मी आणि देशपांडेबाई, आम्ही दोघंही रडत होतो, आम्हाला काही दिसत नव्हतं. आतून वहिनी चहा घेऊन आल्या आणि सुधाकरभाऊंना म्हणाल्या, "सहा वर्षं लागली व्हय रे तुला? पडदा उचलून मागनं आला असतास तर मी घेतला नसता?"

लग्न थाटात झालं. पहिल्या रांगेतली ती खुर्ची ह्या वेळी अण्णांनी एका मिनिटापुरतीही वापरली नाही, सगळा वेळ ते दारात उभे राहून लोकांना या या म्हणत होते.

आणि त्यानंतर सुधाकरभाऊंनी बैठकीला यायचं बंद केलं! एक बुधवार, दोन, पाच. फोन केला तर म्हणाले, "माझं काम झालं हो." काम झालं? आणि आम्ही बावीस माणसं? आम्हाला आता एकमेकांशिवाय ना दात दुखवता येतात ना पाणी काढता येतं, आणि हा माणूस म्हणतो काम झालं. माझा पारा चढला. एका बुधवारी पोहे आटोपून मी तसाच रोह्याला गेलो, दोन शब्द सुनवायला.

काट्यावर ट्रकच्या जागी दोघं भाऊ उभे होते. अण्णा पुढच्या चाकाच्या जागी, सुधाकरभाऊ मागच्या. कोण जास्त जाड झालंय ह्यावरून वाद चालला होता. केबिनमधून वहिनी ओरडत होत्या, "दोघं मिळून काय उभे राहताय रे, ट्रकचा काटा हाय तो, आकडा हलत नाय!"

मला पाहिल्यावर सुधाकरभाऊंनी हात वर केला. केसांत पेंढा होताच. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा पाटकर, आधी ओळख करून देतो."

"अहो, अण्णांना मी चाळीस वर्षं ओळखतो."

"तरी करून देऊ द्या हो," ते म्हणाले. त्यांनी शर्टाची बटणं नीट केली, बुधवारी करायचे तशीच. "अण्णा, हे पाटकर. पेणचे छपाईवाले. आणि पाटकर, हा माझा मोठा भाऊ."

अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं हात पुढे केला. मी खिशातून कार्ड काढून त्यांना दिलं.